पाच रुपयांचे वडील

गणपती गेले की चारकोपवर अशी शांतता पडते की शेजारच्या सेक्टरात कुणी पापड मोडला तरी ऐकू येतो. आधीचे दहा दिवस स्पीकरच्या भिंतींनी आमच्या खिडक्यांच्या काचा तर हलवलेल्या असतातच, पण बरणीतल्या लोणच्याच्या फोडीही जागच्या हललेल्या असतात. मग एका सकाळी मांडवाचे बांबू टेम्पोत चढतात, रस्त्यातले खड्डे तेवढे मंडळाची आठवण म्हणून मागे राहतात, आणि पितृपक्ष येतो. घामट, चिकट, वारा नसलेला. पाऊस धड जातो म्हणत नाही, धड राहतो म्हणत नाही. फर्निचरवाले आपल्याच सोफ्यावर आपणच झोपा काढतात, कारण या पंधरवड्यात सोफा काय, साधा पाटसुद्धा कुणी विकत घेत नाही. बिल्डर चावी देत नाहीत, मुलीकडचे उत्तर देत नाहीत. गवारीचा भाव तेवढा वर जातो. मेलेल्या माणसांना गवार एवढी का आवडते, हे मला बासष्टी उलटली तरी कळलेलं नाही.

भुतांना मी भीत नाही. उलट या सेक्टरातली निम्मी भुतं मीच वसवलेली आहेत. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या बंद गाळ्यात रात्रपाळी करणारा मुकादम, तिवरांत हाका मारणारी मिठागरवाली, ही सगळी माझी अपत्यं. औषधाच्या कंपनीत पॅकिंग खात्यात तेहतीस वर्षं काढली, डब्यात गोळ्या भरता भरता लोकांच्या कानात गोष्टी भरल्या. वामनकाका बोलायला लागला की त्यातलं निम्मं सोडून द्यायचं आणि उरलेल्याला चारने भागायचं, असा इथला हिशेब आहे. बायको तर मी तोंड उघडायच्या आधीच भागून मोकळी होते.

पण एक भूत माझं नाही. ते आमच्या कपाटात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये असतं. उंची दीड इंच. चारी बाजूंनी दाते. किंमत पाच रुपये. पितृपक्षाची पहिली सकाळ झाली की कपाटातून कुणीतरी बघतंय असं वाटायला लागतं, आणि मी उगाचच त्या दारासमोरून पाठ न करता जातो.

दोन वर्षांपूर्वी याच पंधरवड्यात भाई तळगावकरांच्या जन्मशताब्दीचं टपाल तिकीट निघालं. भाई म्हणजे आमच्या घाटकोपर पट्ट्यातले कामगारांचे पुढारी, एकदा आमदार झालेले, पाच वेळा तुरुंगात गेलेले, आणि दोन्ही ठिकाणी सारख्याच शर्टात गेलेले. तिकिटावर खाली त्यांचं नाव आहे. वर चेहरा आहे तो माझ्या वडिलांचा.

हे वाक्य मी आजवर शंभर जणांना सांगितलं असेल. एकानंही विश्वास ठेवला नाही. चूक त्यांची नाही.

भटवाडीच्या चढावर आमची खोली होती. खाली आग्रा रोडवर कापड रंगवायची गिरणी. बाबा तिथं उकळत्या रंगाच्या टाकीवर. तेव्हा आम्हा पोरांना वार विचारायला कॅलेंडर लागत नसे. नाला हिरवा वाहिला की सोमवार, लाल वाहिला की मंगळवार. गिरणीच्या फाटकावर झोपणारं कुत्रं शनिवारपर्यंत जांभळं व्हायचं आणि रविवारच्या सुट्टीत जरा पांढरं पडायचं. बाबांचे हात कोपरापर्यंत निळे होते. मी सहा वर्षांचा असताना ते छातीच्या दुखण्यानं गेले, तेव्हा आईनं अंघोळ घालताना ते निळे हात तीन वेळा साबणानं घासले आणि मग सोडून दिले. मला बाबांचं एवढंच आठवतं. निळी नखं. मला उचलताना काखेत रुतणारी बोटं, त्यांना येणारा तिखट, तुरटीसारखा वास. चेहरा आठवत नाही. आठवायला गेलं की टोपीखाली वाफ दिसते.

फोटो म्हणाल तर एकच. गिरणीतला मोठा संप मिटला, तेव्हा फाटकासमोर काढलेला. बत्तीस माणसं आणि एक खुर्ची. या खुर्चीवर सगळं अडलं आहे, म्हणून नीट सांगतो.

इतर पुढारी फोटोत खुर्चीवर बसतात आणि कामगार त्यांच्याभोवती उभे राहतात. भाईंचं उलटं होतं. खुर्ची एकच असली तर ती मधोमध ठेवायची, आणि त्या लढ्यात ज्याला सगळ्यात जास्त लागलं असेल त्यानं तिच्यावर बसायचं. स्वतः भाई मागच्या रांगेत, जिथं जागा उरेल तिथं. प्रत्येक खात्यात, प्रत्येक फोटोत हाच रिवाज. त्या वर्षी बाबांचा पाय टाकीतल्या रंगानं भाजला होता, त्यामुळे खुर्ची बाबांची. आई सांगायची, बाबा लाजून बसेनात, तेव्हा भाईंनी त्यांना खांद्याला धरून बसवलं, आणि म्हणाले, यशवंता, तुझ्या पायावर आम्ही उभे आहोत, तू बस.

तर फोटोत बाबा मधोमध, राजासारखे. पायाला फडकं गुंडाळलेलं. आणि भाई मागच्या रांगेत, डावीकडून तिसरे. ते कुणाला तरी सरळ उभं राहायला सांगत असावेत, कारण नेमक्या क्षणी त्यांनी मान हलवली आणि त्यांच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पुसट धूर उमटला.

आमच्याकडे सर्वपित्रीला या फोटोची पूजा होते. एका माणसाचं श्राद्ध आणि बत्तीस जणांची हजेरी. लहानपणी मला वाटायचं, बाकीचे एकतीस जण उगाच आमच्या खिरीकडे बघतायत. आई चंदन उगाळायची आणि करंगळीनं काचेवर गंध लावायची, बाबांच्या कपाळावर बरोबर. पन्नास-पंचावन्न वर्षं एकाच जागी गंध लावून काचेवर तुरीच्या डाळीएवढा डाग पडला होता. घासून जायचा नाही. बत्तीस काळ्यापांढऱ्या तोंडांत एकाच कपाळावर पिवळा डाग.

जन्मशताब्दी समितीचे शिरोडकर आमच्याकडे आले ते या फोटोची कीर्ती ऐकून. भाईंचे फोटो मिळत नव्हते. हयातीत ते कॅमेरा दिसला की पाठ फिरवत. घरची पेटी मुलीजवळ होती, ती सव्वीस जुलैच्या पुरात चार दिवस पाण्याखाली राहिली. आणि त्या मुलीचं, सुमनताईंचं, समितीशी बोलणंच नव्हतं, कारण समितीचा अध्यक्ष तो होता ज्यानं गिरणीच्या जागेवर टॉवर बांधला. वर्तमानपत्रात छापलेले भाई म्हणजे टोपी, मिशी, चष्मा आणि बाकी शाईचा चिखल. त्या काळात अर्धी गिरणी टोपी, मिशी, चष्म्याचीच होती. माझे बाबासुद्धा.

शिरोडकर तास-दीड तास बसले. मी त्यांना भाई सांगितले. कसे सांगितले म्हणता? भाईंनी फाटकावर घोषणा दिली की ठाण्याची कबुतरं उडायची, असे सांगितले. मालकाच्या केबिनमध्ये शिरले की पंखा आपोआप बंद पडायचा, असे सांगितले. शिरोडकर लिहून घेत होते, मला आणखी चढत होतं. आईनं दोनदा चहा केला. निघताना शिरोडकरांनी फोटो उतरवला, गंधाचा डाग बघितला, मधली खुर्ची बघितली, हात जोडले आणि फ्रेम समितीसाठी बरोबर घेतली. म्हणाले, माउलींनी काय भक्ती केली आहे भाईंची.

तेव्हा बोट ठेवायला हवं होतं. हे नव्हेत, ते मागचे, धूर झालेले, ते भाई. एवढ्या वेळात तेवढंच एक सांगायचं राहिलं. मी जिना उतरून त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो आणि वाटेत मालकाच्या पंख्याची गोष्ट पुन्हा सांगितली.

पण माझा गुन्हा तो नाही. तो राहून गेला, विसरलो, म्हणता येईल. खरा गुन्हा पुढं महिन्याभरानं झाला, पिठाच्या गिरणीत.

दळण टाकून बाकावर बसलो होतो. चक्की घरघरत होती, हवेत ज्वारीचं पीठ, माझ्या भुवया पांढऱ्या. मोबाइल वाजला. शिरोडकरांचा निरोप, सोबत चित्र. बत्तीस जणांतून एकच तोंड कापून मोठं केलेलं, कुणीतरी संगणकावर डाग-बिग पुसून उजळलेलं. खाली लिहिलं होतं, काका, हेच ना भाई?

तोपर्यंत बाबांचा चेहरा मी कधी वाटाण्याहून मोठा बघितला नव्हता. आता तो माझ्या तळहातावर मावत नव्हता. डाव्या भुवईपाशी तीळ होता. मी हात लावून बघितला, माझ्याही तिथंच आहे. खालचा ओठ दातांत धरलेला, पायाची आग होत असावी. डोळे कॅमेऱ्याच्या जरा वर, चढावरच्या आमच्या खोलीच्या दिशेनं. आणि हा माणूस पस्तिशीचा होता. माझ्याहून पंचवीस-सत्तावीस वर्षांनी लहान. एवढ्याशा पोराला मी जन्मभर बाबा म्हणत आलो होतो.

मी लिहिलं, हो.

एक अक्षर. आयुष्यात इतकं लहान खोटं मी कधी बोललो नव्हतो, आणि नेमकं तेवढंच खपलं.

का लिहिलं, याची कारणं मी या दोन वर्षांत बरीच रचली. चष्मा नव्हता, पीठ डोळ्यात गेलं होतं, अंगठा घसरला. सगळी झकास कारणं आहेत. खरं एवढंच, की नाही म्हटलं असतं तर तो चेहरा पुसला गेला असता, आणि तो मला एवढ्या जवळून पहिल्यांदाच भेटला होता.

भाईंची जन्मतारीख ऐन पितृपक्षात. मंत्री म्हणे या दिवसांत नव्या गोष्टीला हात लावत नाहीत. पण समितीनं पटवलं की तिकीट नवं असलं तरी माणूस जुना आहे. घाटकोपरचा हॉल, सतरंज्या, अत्तराचा आणि ओल्या छत्र्यांचा वास. व्यासपीठावर अध्यक्ष, मंत्री, आणि एका कडेला सुमनताई. वडिलांच्या नावासाठी त्या तेवढ्या दिवसापुरत्या आल्या होत्या. पंचाहत्तरीच्या, ताठ, खादीची साडी. मंत्र्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला, आणि बाबा आठ फूट उंचीचे होऊन आमच्याकडे बघायला लागले.

समोरच्या रांगेतला एक मोतीबिंदूवाला जुना कामगार हुंदका देऊन रडला, भाई, भाई म्हणत. टाळ्या थांबेनात. सुमनताईंनी मान वर करून त्या चित्राकडे बघितलं. बघतच राहिल्या. त्यांच्या हातात मखमली अल्बम दिला, तो त्यांनी घेतला, उघडला, मिटला. मीही टाळ्या वाजवत होतो. हात थांबत नव्हते, जणू कुणी दुसराच माझ्या मनगटांना धरून वाजवत होता.

मी पानभर तिकिटं विकत घेतली. एका पानावर रांगेनं बाबा, बाबा, बाबा. बाहेर वाटलेल्या स्मरणिकेत भाईंच्या चरित्रात ठाण्याची कबुतरं छापून आली होती. पंखाही होता.

घरी आईला तिकीट दाखवलं. चौऱ्याऐंशी वर्षांची ती, भिंग डोळ्याला लावून खिडकीशी बसली. कितीतरी वेळ. करंगळी पुढं नेली, चेहऱ्यावर टेकवली नाही, नुसती फिरवली. मला वाटलं, चला, झालं ते बरंच झालं. मग तिनं खालची अक्षरं वाचायला सांगितली. मी वाचली.

"तोंड हेंचा आणि नाव भायंचा," ती म्हणाली. "मगे मी हाक कोणाक मारू?"

तिनं तिकीट माझ्या हातात परत दिलं, आणि देव्हाऱ्यात ठेवू का विचारल्यावर हातानंच नको म्हणाली.

चार दिवसांनी सर्वपित्री. चारकोपात कावळा मिळणं आता सोपं राहिलेलं नाही. कबुतरांनी सगळ्या गच्च्या बळकावल्यात. उरलेल्या दोन-चार कावळ्यांना त्या दिवशी इतकी आमंत्रणं असतात की ते दुपारनंतर नुसता भात बघितला तरी तोंड फिरवतात. आमच्या गच्चीवर सात घरांची सात पानं मांडलेली. शेजारच्या कदमांचे वडील हयातीत कुणाला पाणी विचारत नसत. त्यांच्या पानाला कावळा मिनिटात शिवला. आमच्या पानाशी एक आला. कठड्यावर बसून मान तिरकी केली. खीर बघितली, वडे बघितले, मला बघितलं. आणि उडून पलीकडच्या बिल्डिंगवर गेला.

ऊन भाजत होतं. आई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, डोक्यावर पदर. बाबांचं नाव घेऊन तिनं हाक मारली, मोठ्यानं, त्यांच्या बापाच्या आणि गावाच्या नावासकट. मला ऐकवेना. माणूस मेला की चेहरा जळून जातो आणि हाक मारायला नाव उरतं, म्हणून तर पिंड ठेवताना नाव-गोत्र घेतात, फोटो दाखवत नाहीत. मी काय केलं होतं? एकाचा चेहरा घेतला होता, दुसऱ्याच्या नावाला चिकटवला होता. आता नावाला हाक मारली तर चेहरा भलतीकडे बसलेला, आणि चेहऱ्याला जेवू घालावं तर खाली नाव परक्याचं. दोघंही दारात, दोघंही उपाशी.

कावळा शिवत नसला तर मनातलं बोलून टाकायचं असतं. मी पानाशी वाकलो आणि हळूच म्हणालो, सांगतो, सगळ्यांना सांगतो, चूक दुरुस्त करतो. मग कावळा आला का? ते मी सांगणार नाही. आला म्हटलं तर तुम्ही चारने भागाल.

सांगायला सुरुवात शिरोडकरांपासून केली. फोनवर ते पोट धरून हसले. काका, तुमच्या कबुतरांवर आमच्या अध्यक्षांनी भाषणात पाच मिनिटं घेतली, आता हे आणखी कुठं छापू, म्हणाले. मी शपथ घेतली, ते आणखी हसले. सेक्टरात सांगितलं तर म्हणतात, हल्ली पैसे भरले की कुणाचाही फोटो तिकिटावर छापून मिळतो, काकांनी तोच प्रकार केला असणार. बायको एकटी हसली नाही. ती म्हणाली, इथं काय सांगत फिरताय, ज्यांचं गेलंय त्यांना जाऊन सांगा ना.

समितीनं फोटोची फ्रेम परत पाठवली होती. नवी काच घालून, चकाचक. डाग नाही. ती पिशवीत घालून मी मुलुंडला गेलो.

सुमनताईंची तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. भिंतीवर अजून पुराच्या पाण्याची रेघ, त्यांनी मुद्दाम न रंगवलेली. शाळेत छत्तीस वर्षं चित्रकला शिकवलेली बाई. मी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट न फुगवता सांगितली. पिठाच्या गिरणीतल्या त्या एका अक्षरापर्यंत. सांगून झाल्यावर ती इतकी छोटी निघाली की मलाच लाज वाटली.

त्या उठल्या, टेबलावरून चार कागद आणले आणि माझ्यासमोर ठेवले. पेन्सिलीनं काढलेली चार तोंडं. चारही माझे बाबा. भुवईपाशी तीळ नव्हता, एवढाच फरक.

"भाईंना काढायला बसते रोज सकाळी," त्या म्हणाल्या. "फोटो पुरात गेले तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. डोळे मिटले की दिसायचे ते. त्या दिवशी पडदा सरकला आणि मला आधी वाटलं, मीच विसरले की काय. वय झालं. आता डोळे मिटले की हा माणूस येतो. भाई येतच नाहीत. कळतंय का तुला, वामन, काय घेतलंस माझं?"

मला कळत होतं. मी बाबांना पस्तीस वर्षांचे करून आणलं होतं, आणि त्या बदल्यात या बाईच्या डोळ्यांआडून तिचा बाप काढून घेतला होता. मी पायाशी वाकायला गेलो, तर त्या कडाडल्या की नाटकं नकोत.

मग त्यांनी विचारलं, फोटोत भाई आहेत का. मी फ्रेम काढली आणि बोट ठेवलं. मागची रांग, डावीकडून तिसरे. त्यांनी भिंग घेतलं, चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. मागच्या रांगेत टोपी होती, सदऱ्याची कॉलर होती, एका हाताचं बोट कुणाकडे तरी रोखलेलं. आणि त्यांच्यामध्ये धूर.

बाहेर कुणीतरी कुकरच्या शिट्ट्या मोजत होतं. मी मनात म्हणत होतो, दिसू दे, काहीतरी दिसू दे त्यांना.

"बोट त्यांचंच आहे," त्या म्हणाल्या. "असंच रोखायचे." आणि भिंग खाली ठेवत, "एवढंच."

तेवढ्यावर माझी सुटका होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी कागदांतला एक उलटा केला, कोऱ्या बाजूला पेन ठेवलं आणि लिही म्हणाल्या. दिल्लीला, तिकीट काढणाऱ्या खात्याला. एक प्रत समितीला. काय झालं ते, आणि तू हो लिहिलंस तेही. मी म्हटलं, ताई, हे पोचलं आणि मानलं गेलं तर तिकीट मागे घेतील, बाबा पुसले जातील. भाईंचा दुसरा फोटो तर नाहीच, मग कुणाचंच काही उरणार नाही.

"न उरू दे," त्या म्हणाल्या. "नसलेला चालेल मला. दुसऱ्याचा नको."

पत्र चार ओळींत संपलं. तेहतीस वर्षं पॅकिंग केलं, पण इतकं कमी सामान मी कधी बांधलं नव्हतं. खाली माझी सही, तिच्या शेजारी त्यांची. फ्रेम मी त्यांच्याकडेच ठेवून येणार होतो, पण त्यांनी घेतली नाही. तुझ्या आईला गंध लावायला लागेल, म्हणाल्या.

आता परत पितृपक्ष आलाय. दिल्लीहून उत्तर नाही. समितीनं शताब्दी संपवून हिशेब मिटवले. सुमनताईंना भाई परत दिसायला लागले का, हे विचारायला मी दोनदा फोन उचलला आणि दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून ठेवला. आई अजून आहे. नव्या काचेवर गेल्या वर्षी तिनं पहिल्यांदा गंध लावलं तेव्हा करंगळी घसरली आणि ठिपका बाबांच्या कपाळावरून वर मागच्या रांगेपर्यंत फरफटला. तिनं तो पुसला नाही, मीही पुसला नाही. दुपारच्या चिकट उकाड्यात, घरातली सगळी झोपली की, मी कधी कधी कपाट उघडतो. फोल्डरच्या आत ओलसर कागदाचा वास असतो. पानाच्या एका कोपऱ्यातलं एक तिकीट फाडलेलं आहे, तिथं दातांची चौकट तेवढी उरली आहे, आणि बाकीचे सगळे बाबा तिच्याकडे बघत असल्यासारखे वाटतात.

ते तिकीट मी त्या चार ओळींच्या पाकिटाला लावलं. दुसरं लावता आलं असतं. पण चुकीचा पुरावा चुकीसोबतच जाऊ दे असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर बाबांना एकट्याला दिल्लीला पाठवावं असंही वाटत होतं आणि पाठवू नये असंही. पाठीमागे पाणी लावताना जीभ काही पुढं झाली नाही, स्पंजच वापरला. पेटीत न टाकता काउंटरवर नेलं.

काउंटरवरच्या बाई चाळिशीच्या, कपाळावर घामाचे थेंब, डोक्यावर पंखा नुसता आवाज करणारा. त्यांनी पाकीट तोललं, पत्ता बघितला, तिकिटाशी थांबल्या. असली तिकिटं आणणारे शौकीन लोक असतात, त्यांना चेहरा साफ हवा असतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, तुमचे कोणी आहेत का हे. मी म्हटलं, वडील. त्यांनी खालचं नाव वाचलं, पाकिटामागचं माझं नाव वाचलं, आणि मान हलवली. भल्या बाई होत्या.

"शिक्का कोपऱ्यात मारते, काका," त्या म्हणाल्या. "चेहरा कशाला खराब करायचा."

माझ्या तोंडात बरं हा शब्द आलेला होता. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, ते नेहमीप्रमाणे जरा वर, भटवाडीच्या चढाकडे बघत होते, ओठ दातांत धरून.

"नको," मी म्हटलं. "मधोमध मारा. कोरा राहिला तर कुणीतरी काढून पुन्हा वापरेल."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. शिक्का शाईवर दाबला, उचलला आणि आणला खाली. टेबल हललं. हात बाजूला झाला तेव्हा टोपी, भुवई, तीळ, दातांतला ओठ, सगळ्यावर ओल्या काळ्या गोलात त्या दिवसाची तारीख होती, आणि खाली भाईंचं नाव तेवढं स्वच्छ राहिलं होतं.